छप्पर ज्याचं, ऊन त्याचं?

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारनं ‘पीएम सूर्यघर’ योजना आणली. एक कोटी घरांवर सौर पॅनेल, महिन्याला ३०० युनिटपर्यंत मोफत वीज, आणि त्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद. पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागे ३० हजार, तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला एकूण ७८ हजार रुपये अनुदान. योजना चांगली आहे. महाराष्ट्र त्यात गुजरातच्या पाठोपाठ पुढे आहे, आणि सातारा-नाशिककडच्या कॉलन्यांतून चक्कर मारली की गच्चीगच्चीवर पॅनेलं दिसतात, ही आनंदाचीच गोष्ट. पण या योजनेत एक अट इतकी गृहीत धरलेली आहे, की ती कुणाला अट वाटतच नाही. छप्पर तुमचं हवं.

आता मुंबईचा हिशोब मांडा. २०११ च्या जनगणनेनुसार शहरातली चाळीस टक्क्यांहून जास्त माणसं झोपडपट्टीत राहतात. डोक्यावर सिमेंटचा नाहीतर लोखंडी पत्रा, पत्र्यावर ताडपत्री, आणि ताडपत्री उडू नये म्हणून वर जुने टायर आणि विटा. तो पत्रा पॅनेलचं वजन आणि जूनमधला वारा एकत्र कसा पेलणार? पेलला तरी पुढच्या वर्षी पोटमाळा चढवायचा झाला, की पॅनेल आधी उतरवा. पिंपरी-चिंचवडला किंवा भिवंडीला जा, तिथं प्रश्न भाडेकरूंचा. अकरा महिन्यांचा भाडेकरार आणि पंचवीस वर्षांचं पॅनेल यांचं लग्न लागत नाही. आणि चौथ्या मजल्यावरच्या वन-रूम-किचनवाल्याचं काय? गच्ची त्याची एकट्याची नाही, सगळ्यांची आहे. आणि जे सगळ्यांचं ते कुणाचंच नाही, हा अनुभव सोसायटीत राहणाऱ्या कुणाला नव्यानं सांगायला नको.

थोडक्यात, अनुदानाचा पैसा सगळ्यांच्या करातून येतो. साबणाच्या वडीवर जीएसटी भरणारी बाईही त्यात आलीच. तो जातो मात्र ज्याची स्वतःची गच्ची आहे त्याच्याकडे. बंगलेवाल्यानं सोलर लावू नये असं मला मुळीच म्हणायचं नाही. लावावं, सगळ्यांनी लावावं. पण सूर्यप्रकाशाच्या वाटपात सातबारा आणि प्रॉपर्टी कार्ड आड येत असेल, तर ते धोरण अर्धवट आहे एवढं तरी मान्य करायला हवं.

राज्य सरकारला हे अजिबात दिसलेलं नाही असं नाही. २०२५ मध्ये महाराष्ट्रानं ‘स्मार्ट’ नावाची योजना जाहीर केली, पूर्ण नाव ‘स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप सोलर’. तरतूद ६५५ कोटींची, लाभार्थी दारिद्र्यरेषेखालची आणि महिन्याला १०० युनिटांहून कमी वीज वापरणारी पाच लाख घरं. एक किलोवॅटच्या संचासाठी केंद्राचे ३० हजार, त्यात राज्याची भर, आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबानं स्वतःचे फक्त अडीच हजार घालायचे. गरिबाला डोळ्यांसमोर ठेवून आखलेली ही योजना आहे आणि ग्रामीण भागात, जिथं घर छोटं असलं तरी आपलं असतं, तिथं ती चालावी. शहरात ती पुन्हा त्याच उंबऱ्यावर अडखळते. कारण नावातच रूफटॉप आहे.

माझं म्हणणं असं, की पॅनेल आणि घर यांची ही गाठ सोडली पाहिजे. पॅनेल महापालिकेच्या शाळेवर असो, मंडईच्या शेडवर असो, एसटीच्या आगारावर असो, नाहीतर शंभर किलोमीटरवरच्या माळरानावर असो. त्यातला एक-अर्धा किलोवॅटचा हिस्सा वस्तीतल्या कुटुंबाच्या नावावर असावा, आणि त्या हिश्श्यातून तयार झालेली युनिटं दर महिन्याला त्या कुटुंबाच्या बिलातून वजा व्हावीत. तार ओढायची नाही, छपराला हात लावायचा नाही. कम्युनिटी सोलर म्हणतात ते हेच, आणि वीज नियमांच्या भाषेत त्याच्या हिशोबाला व्हर्च्युअल नेट मीटरिंग म्हणतात. दिल्लीच्या वीज नियामक आयोगानं त्याची मार्गदर्शक तत्त्वं २०१९ मध्येच काढली. सूर्यघर योजनेच्या नियमांतही अशा पद्धतीनं लावलेल्या संचांना अनुदानाची वाट ठेवलेली आहे. म्हणजे कागदावर दार उघडं आहे. आपल्या वस्त्यांपर्यंत मात्र त्यातून अजून कुणी चालत आलेलं नाही.

हे स्वप्नरंजन आहे असं ज्यांना वाटेल, त्यांनी महाराष्ट्रातल्या औद्योगिक वसाहतींकडे बघावं. आपल्याकडचे कितीतरी मोठे कारखाने आज सौर वीज वापरतात आणि त्यातली बरीचशी त्यांच्या छपरावर तयार होत नाही. सोलापूर, धाराशिव, लातूरकडे कुठंतरी शेकडो एकरांवर पॅनेलं उभी असतात, वीज सरकारी तारांमधून येते आणि कारखान्याच्या बिलातून वजा होते. या व्यवस्थेचं नाव ग्रुप कॅप्टिव्ह. वीज कायदा २००३ आणि त्याखालचे २००५ चे नियम सांगतात, की वापरणाऱ्यांनी मिळून प्रकल्पात किमान २६ टक्के मालकी ठेवली आणि वर्षभरातली किमान ५१ टक्के वीज स्वतः वापरली, की ते ‘स्वतःची वीज स्वतः बनवणारे’ ठरतात. मग त्यांना क्रॉस सबसिडीचा अधिभार, म्हणजे स्वस्त वीज मिळणाऱ्या ग्राहकांची तूट भरायला मोठ्या ग्राहकांवर बसणारा जादा आकार, लागत नाही. पाच-सात कंपन्यांनी एकत्र येऊन, दुसऱ्याच्या जमिनीवर, दुसऱ्याच्या पैशानं उभारलेल्या प्रकल्पात थोडा हिस्सा घ्यायचा आणि स्वस्त वीज मिळवायची. यात गैर काही नाही. पण नीट बघा, हे कम्युनिटी सोलरच आहे. फक्त यातली ‘कम्युनिटी’ सूटबुटातली आहे.

त्यातही सरकारनं २०२२ मध्ये हरित वीज थेट विकत घेण्याची, म्हणजे ओपन ॲक्सेसची, मर्यादा एक मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आणली. मध्यम कारखाना, मॉल, मोठं हॉस्पिटल, सगळ्यांना दार मोकळं झालं. १०० किलोवॅट म्हणजे काय? झोपडपट्टीतल्या दीडशे-दोनशे घरांचा मंजूर भार एकत्र केला की तेवढा होतो. पण त्या दोनशे घरांना मिळून ‘एक ग्राहक’ मानायची सोय नाही. दोनशे कुटुंबं एकत्र आली तरी वीज कंपनीच्या लेखी ती दोनशे सुटी माणसंच राहतात.

दुसरं उदाहरण आणखी जवळचं आहे, शेतकऱ्याचं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि राळेगणसिद्धी हे तिच्या सुरुवातीच्या गावांपैकी एक. २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. कल्पना साधी: गावाजवळच्या उपकेंद्राच्या आसपास सरकारी किंवा भाड्यानं घेतलेल्या जमिनीवर सौर प्रकल्प उभारायचा, त्याची वीज थेट शेतीपंपांच्या फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून पंपांकडे जाणाऱ्या वाहिनीवर सोडायची, आणि शेतकऱ्याला दिवसा पाणी द्यायला वीज मिळायची. जमीनमालकाला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आणि दरवर्षी तीन टक्के वाढ. ग्रामपंचायतीला तीन वर्षं, वर्षाला पाच लाखांचं अनुदान. वैजापूर तालुक्यात धोंदलगावला या दुसऱ्या टप्प्यातला ३ मेगावॅटचा प्रकल्प सुरू झाला. तिथल्या शेतकऱ्याला कुणी विचारलं नाही, ‘तुझ्या गोठ्याचं छप्पर मजबूत आहे का?’ त्याच्या नावावर एकही पॅनेल नाही, तरी त्याच्या मोटारीला उन्हाची वीज मिळते. रात्री बाराला बॅटरी घेऊन बांधावर जाणं, साप-विंचवाची भीती, हे सगळं ज्यानं भोगलंय त्याला याची किंमत कळते.

जे शेतीच्या फीडरला केलं ते वस्तीच्या फीडरला करता येणार नाही का? तांत्रिक अडचण नाही. वस्तीलाही रोहित्र असतं, फीडर असतो, उपकेंद्र असतं. अडचण असलीच तर ती ही, की शेतकरी मतदार म्हणून दिसतो आणि झोपडपट्टीवाला अतिक्रमण म्हणून.

आता पैशाच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. कारण या विषयावर वीज कंपन्यांचे अधिकारी जो आक्षेप घेतात तो पोकळ नाही आणि त्याला भावनिक उत्तर देऊन चालणार नाही. त्यांचं म्हणणं असं: दिवसा सगळे ग्रिडमध्ये वीज ओततात आणि संध्याकाळी सातला सगळे परत मागतात. तारा, रोहित्रं, लाइनमन, रात्रीची वीज, हा खर्च तर तसाच राहतो. सौरवाला बिल भरेनासा झाला, की तो बोजा बाकीच्यांवर पडतो.

बरोबर आहे. पण हा बोजा कुणामुळे पडतो ते बघा. आपल्याकडे घरगुती वीजदर टप्प्याटप्प्यानं चढतात: १०० युनिटांपर्यंत एक दर, मग ३०० पर्यंत, मग ५००, मग त्यापुढे. एसी लावणारा बंगलेवाला वरच्या टप्प्यात असतो. त्याचं शेवटचं युनिट सगळ्यात महाग. त्याच महाग युनिटांतून वीज कंपनी खालच्या टप्प्यातल्या ग्राहकाची तूट भरून काढते. बंगलेवाला सोलर लावतो तेव्हा आधी नेमकी ही वरची युनिटं गळतात. म्हणजे कंपनीला पैसा मिळवून देणारा ग्राहक निघून जातो आणि तोट्यातला मागे उरतो. आजची रूफटॉप योजना, सरकारी अनुदान देऊन, नेमकं हेच घडवते आहे.

उलट झालं तर? ज्याला कंपनी खर्चापेक्षा कमी दरानं वीज विकते, त्याच्याच वाट्याची वीज जर स्वस्त सौर प्रकल्पातून आली, तर त्या ग्राहकापायी होणारी तूट कमी होईल. शेतीच्या सौर प्रकल्पांतून महावितरणला युनिटमागे साधारण ३ रुपयांत वीज मिळते, आणि शेतीच्या बाबतीत सरकारनं हाच युक्तिवाद जाहीरपणे मांडला: शेतकऱ्याची वीज स्वस्त झाली की उद्योगांवरचा क्रॉस सबसिडीचा बोजा हलका होईल. मग शेतीला लागू होणारा युक्तिवाद शंभर युनिटांच्या आतल्या घराला का लागू होऊ नये? सामुदायिक सौरचा हिस्सा गरिबाला देणं हे वीज कंपनीच्या हिशोबातही बंगल्याच्या गच्चीपेक्षा बरं पडतं. दयेचा मुद्दा यात कुठेच येत नाही. तारांचा खर्च भागवायला त्या बिलात स्थिर आकार आणि वहन आकार जरूर राहू दे. शून्य बिलाचा हट्ट मी धरणार नाही. शून्य बिलाची जाहिरात करूनच आपण अर्धे वाद ओढवून घेतले आहेत.

संध्याकाळच्या मागणीचा मुद्दा उरतो. तोही वस्तीच्या बाबतीत वाटतो तेवढा टोकदार नाही. नोकरदार जोडप्याचा फ्लॅट दिवसभर कुलूपबंद असतो, वीज लागते ती रात्री. वस्तीतलं घर दिवसाच जास्त राबतं. कुठं शिलाई मशीन चालू, कुठं इमिटेशन ज्वेलरीचं काम, कुठं पिठाची गिरणी, आणि पत्र्याखाली दुपारी दोन वाजता पंखा नसेल तर माणूस बसूच शकत नाही. धारावीत किंवा गोवंडीत एप्रिलच्या दुपारी एकदा कुणाच्या पोटमाळ्यावर बसून बघा. जिथं ऊन सगळ्यात जास्त बाधतं, तिथल्या विजेची गरज उन्हाच्या वेळेशी जुळते.

गोवंडीचा विषय निघालाच आहे तर तिथल्या नटवर पारेख कंपाउंडबद्दल सांगायला हवं, कारण सगळ्यात सोपी सुरुवात कुठून करावी ते तिथं दिसतं. रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांसाठी उठवलेल्या झोपडीवासीयांना इथं आणून बसवलं. तळमजला अधिक सात मजल्यांच्या इमारती, आणि दोन इमारतींत जेमतेम तीनेक मीटरचं अंतर. त्या बोळात उन्हाची तिरीपही उतरत नाही. ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आयआयटी मुंबईचे अभ्यासक यांनी २०१८ मध्ये मांडलेल्या अभ्यासात इथल्या आणि लल्लूभाई कंपाउंडमधल्या घरांतला उजेड-वारा आणि क्षयरोग यांचा संबंध दाखवला. खालच्या मजल्यांवर आजाराचं प्रमाण जास्त. तळमजल्यावरच्या घरात सकाळी दहालाही ट्यूबलाइट लावावी लागते, म्हणजे अंधाराचंही बिल भरावं लागतं. आणि त्याच इमारतीच्या गच्चीवर दिवसभर रणरणतं ऊन पडलेलं असतं. खालच्याला ऊन मिळू न देणारी रचना सरकारी नियमांना सूट देऊन झाली होती. निदान वरच्या उन्हाची वीज तरी त्याला मिळावी, ही मागणी फार मोठी नाही.

हिशोब प्रामाणिकपणे करू. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि आपल्याकडे महिन्याला सरासरी १२० युनिट मिळतात. पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली आणि शेजारच्या इमारतीची सावली वगळून गच्चीवर २५ किलोवॅट बसले असं धरा. महिन्याला ३,००० युनिट. इमारतीत शंभर कुटुंबं असतील तर घरटी ३० युनिट येतात. एवढ्यानं कुणाचं बिल शून्य होत नाही. पण तीच ३,००० युनिटं जिन्यातले दिवे, पाण्याचा पंप आणि लिफ्ट यांच्या सामाईक मीटरला लावली तर चित्र बदलतं. पुनर्वसन इमारतींचं खरं दुखणं तिथंच आहे. फुकट घर मिळालं, पण देखभालीचा खर्च फुकट नाही. महिन्याची वर्गणी थकते, सामाईक बिल थकतं, मग लिफ्ट बंद पडते, आणि सातव्या मजल्यावरची म्हातारी महिनोन्महिने खाली उतरत नाही. सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजारांचं अनुदान आजही आहे. कायदा बदलायला नको, आयोगाकडे जायला नको. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणानं नव्या इमारतीच्या परवानगीतच गच्चीवरचा संच आणि त्याची दहा वर्षांची देखभाल बिल्डरच्या गळ्यात घातली, तर हा भाग तरी मिटतो. बिल्डरला विक्रीच्या टॉवरमधून जे मिळतं त्यापुढे हा खर्च चणे-फुटाणे आहे.

घराघरातल्या मीटरवरच्या युनिटांसाठी मात्र बाहेरचा, मोठा प्रकल्प लागतोच. तिथं भांडवल कुणाचं?

माझा सरळ आग्रह आहे की ते दानाचं नसावं. कंपन्यांच्या सीएसआरच्या, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीतून पॅनेल बसवायची, फीत कापायची, फोटो काढायचा, आणि तीन वर्षांनी पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर बंद पडला की कंपनीचा तो विभागही बदललेला असतो. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्यात फिरा, ग्रामपंचायतीचा सौर पथदिवा दिसेल. खांब उभा, वर पॅनेल, आणि बॅटरीची पेटी रिकामी. बॅटरी चोरीला गेली नाहीतर मेली, आणि नवी आणायला कुणाच्या खात्यात पैसा नाही. पॅनेल पंचवीस वर्षं टिकतं, पण इन्व्हर्टर दहा-बारा वर्षांत बदलावाच लागतो. त्या खर्चाची सोय पहिल्या दिवशीच्या हिशोबात नसेल तर तो प्रकल्प म्हणजे फक्त एक उद्घाटन.

सरकारी खैरातीवर उभं राहण्याचा धोका अमेरिकेनं नुकताच दाखवला. बायडेन सरकारनं एप्रिल २०२४ मध्ये ‘सोलर फॉर ऑल’ या नावानं गरीब वस्त्यांच्या सौर विजेसाठी ७ अब्ज डॉलर वाटून दिले. त्यात भाडेकरूंसाठी सामुदायिक प्रकल्प होते. सरकार बदललं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पर्यावरण खात्यानं ती योजनाच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. वस्त्यांतल्या संस्थांनी माणसं नेमली होती, जागा बघितल्या होत्या; सगळं अधांतरी. याउलट मिनेसोटा राज्यानं २०१३ मध्ये कायदा करून सामुदायिक सौर प्रकल्पांच्या विजेची वजावट बिलात देणं वीज कंपनीवर बंधनकारक केलं. तो कार्यक्रम अनुदानाच्या चेकवर उभा नव्हता, बिलाच्या नियमावर उभा होता, म्हणून वॉशिंग्टनमध्ये कोण बसलंय यावर त्याचं मरण ठरत नव्हतं. अर्थात मिनेसोटाची दुसरी बाजूही आहे: गरिबांसाठी वाटा राखून न ठेवल्यामुळं सुरुवातीच्या वर्षांत तिथल्या विजेचा मोठा भाग कंपन्यांनी आणि संस्थांनीच उचलला. दार नुसतं उघडं ठेवलं की आधी धट्टेकट्टे आत शिरतात. आपण नियम करू तेव्हा वाटा आधी लिहावा लागेल.

भांडवलाचं उदाहरण आपल्या शेजारी, इंदूरला आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये इंदूर महापालिकेनं २४४ कोटींचे हरित रोखे, म्हणजे पर्यावरणपूरक कामासाठीचे कर्जरोखे, थेट जनतेला विकले. पैसा कशासाठी? नर्मदेचं पाणी शहरात चढवायला जी वीज लागते तिच्यासाठी खरगोन जिल्ह्यात जलूदला ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायला. लोकांनी मागणीच्या कितीतरी पट पैसे लावले, कारण परतफेड महापालिकेच्या वाचलेल्या वीजबिलातून होणार हे स्वच्छ होतं. पिंपरी-चिंचवड महापालिकेनंही २०२५ मध्ये २०० कोटींचे हरित रोखे काढले. म्हणजे महाराष्ट्रातल्या महापालिकेला बाजारातून असा पैसा उभा करता येतो हे सिद्ध झालेलं आहे. मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर यांनी अशाच रोख्यातून सौर प्रकल्प उभारून त्यातली निम्मी वीज आपल्या पंपांना आणि दिव्यांना, निम्मी वस्त्यांतल्या घरांना हिश्श्यानं द्यावी. वस्तीतल्या घरानं वाचलेल्या बिलातला काही भाग हप्ता म्हणून द्यावा. रिझर्व्ह बँकेच्या अग्रक्रम कर्जाच्या यादीत अक्षय ऊर्जेला ३५ कोटींपर्यंत जागा आहे, त्यामुळं नागरी बँकांनाही हात झटकता येणार नाहीत. बचत गटाच्या बायका महिन्याच्या महिन्याला कर्ज फेडतात हे बँकवाल्यांना मी काय सांगावं, त्यांच्याच खात्यांत ते दिसतं.

मालकी कुणाची, हा प्रश्न महाराष्ट्रात आला की सहकाराचं नाव निघणार, आणि मग मुळा-प्रवराचं नाव निघालंच पाहिजे. मुळा-प्रवरा इलेक्ट्रिक को-ऑपरेटिव्ह सोसायटी ही श्रीरामपूर-राहुरी भागाची वीज सहकारी संस्था. चार दशकं तिनं वीजवाटप केलं. २०११ मध्ये परवाना संपला तेव्हा थकबाकीचा डोंगर मागे होता आणि कारभार महावितरणकडे गेला. ज्यांना सहकार म्हटलं की डोळे भरून येतात त्यांनी हे प्रकरण वाचावं. वाटपाची तार, वसुलीची जबाबदारी आणि निवडणुकीचं राजकारण एकाच संचालक मंडळाच्या हातात दिलं की काय होतं, ते तिथं लिहून ठेवलेलं आहे.

पण म्हणून सहकारच नको असा निष्कर्ष मी काढणार नाही. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावी २०१६ मध्ये सहा शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी मंडळी काढली. उरलेली वीज ते तिथल्या वीज कंपनीला पंचवीस वर्षांच्या करारानं विकू लागले. तार कंपनीची, मीटर कंपनीचं, पैसे कराराप्रमाणे खात्यात. मंडळीचं काम फक्त पॅनेल नीट ठेवणं आणि आलेले पैसे वाटणं. ब्राझीलमध्ये रिओच्या बाबिलोनिया या झोपडपट्टीत २०२१ मध्ये सहकारी सौर प्रकल्प सुरू झाला तोही याच पद्धतीचा, वीज ग्रिडला आणि वजावट सभासदाच्या बिलात. वसुली वस्तीच्या संस्थेकडे द्यायचीच नाही, ही त्यातली मेख आहे. वजावट बिलातच होत असेल तर गल्लीतल्या कुठल्याही भाऊंना त्यात हात घालायला जागा राहत नाही. आणि पॅनेल पुसायला, नट घट्ट करायला, इन्व्हर्टरचा लाल दिवा लागला की फोन करायला वस्तीतलीच आयटीआय झालेली पोरं नेमा. तेवढा रोजगार तरी तिथंच राहील.

सगळ्यात अवघड गाठ शेवटी येते. ज्याच्या नावावर मीटरच नाही त्याच्या बिलातून वजा काय करणार? चाळीतल्या आणि वस्तीतल्या कितीतरी भाडेकरूंना घरमालकाच्या सबमीटरवरून वीज मिळते, सरकारी दरापेक्षा चढ्या भावानं. काही ठिकाणी तर मीटरही नाही, पॉइंटवर पैसे: एका बल्बचे इतके, पंख्याचे इतके, टीव्ही असेल तर वेगळे. अशा ठिकाणी सौरचा हिस्सा मालकाच्या बिलात जाईल आणि भाडेकरूचा पॉइंटचा भाव तसाच राहील. योजना गरिबांच्या नावानं आणि लाभ खोल्या भाड्यानं देणाऱ्याला, असा तमाशा होईल.

कायदा इथं गरिबाच्या बाजूनं आहे, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. वीज कायद्याच्या ४३ व्या कलमात जोडणी मागण्याचा हक्क जागेच्या मालकाला ‘किंवा’ ताबेदाराला दिलेला आहे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सांगितलं, की वीज ही मूलभूत सोय आहे आणि केवळ घरमालकानं ना-हरकत दिली नाही म्हणून भाडेकरूला ती नाकारता येत नाही. तरी वीज कंपनीच्या खिडकीवर आधी ‘मालकाचं पत्र आणा’ असंच ऐकू येतं. म्हणून सामुदायिक सौरची योजना जिथं करायची त्या वस्तीत आधी मीटरचं शिबिर लावावं: ताब्याचा पुरावा म्हणून रेशनकार्ड, आधार, मतदार यादीतलं नाव ग्राह्य धरून, जागेवरच अर्ज भरून घ्यावेत. हिस्सा मिळेल तो अशा स्वतःच्या मीटरवरच.

आणि तो हिस्सा जागेला चिकटवू नये. वस्ती पुनर्विकासाला गेली की कुटुंब दोन-चार वर्षं संक्रमण शिबिरात काढतं, कधी भाडं घेऊन नालासोपाऱ्याला जातं, तिथं वीज कंपनीही दुसरी असते. अदानी, टाटा, बेस्ट आणि महावितरण या चारांच्या हद्दी मुंबई परिसरात अशा एकमेकींत गुंतल्या आहेत, की खाडी ओलांडली तरी ग्राहक क्रमांक बदलतो. नियामक आयोगानं नियम करताना हे एक कलम न विसरता घालावं: घर बदललं तर हिस्सा नव्या ग्राहक क्रमांकावर वळेल, कंपनी कुठलीही असो, आणि मधल्या महिन्यांची युनिटं बुडणार नाहीत.